स्पितुकचं अंगण

मुखवटा चढवलेला लामा मुखवट्याच्या डोळ्यांतून बघत नाही, तोंडातून बघतो. मुखवटा माणसाच्या डोक्याहून बराच मोठा. डोक्याला आधी कापडाची जाड गुंडाळी करून घ्यायची, म्हणजे कडा कपाळाला रुतत नाहीत, आणि मग तो वरून चढवायचा. त्याचे बटबटीत तीन डोळे आपल्या कपाळाच्याही वर राहतात आणि आपल्या डोळ्यांसमोर येते ती त्याच्या वासलेल्या जबड्याची फट. “त्यातून दिसतं किती?” असं मी लडाखातल्या स्पितुक गोंपातल्या, म्हणजे बौद्ध मठातल्या, एका तरुण लामाला विचारलं होतं. त्यानं उजव्या बुटाचं टोक पुढे सरकवलं आणि त्याच्यापुढच्या वीतभर फरशीकडे बोट केलं. “एवढं. बाकीचं झांज सांगते.”

उत्सवाला तेव्हा तीन दिवस होते. संध्याकाळची वेळ, थंडी अशी की घेतलेला श्वास नाकात टोचायचा. अंगणात दहाबारा लामा तालीम करत होते. अंगावर रोजचीच मरून वस्त्रं, पायात स्पोर्ट शूज, डोक्याला लोकरी टोपी. एक वयस्कर लामा, ज्यांना तिथे छम्सपोन म्हणतात, म्हणजे या नाचाचे गुरू, बाजूला उभे राहून नुसते पाय बघत होते. एका पोराचा पाय वर गेला आणि जरा लवकर खाली आला. छम्सपोन बोलले काहीच नाहीत. त्याच्यासमोर गेले, स्वतःचा पाय उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला. सत्तरीपुढचा माणूस, त्या थंडीत, एका पायावर. मग टाच हळूच वळवून त्यांनी तो टेकवला. पोरानं मान डोलावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

या नाचाला छम म्हणतात. मी तो बघायला लडाखला गेले होते असं म्हणता येणार नाही. लेहला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मैत्रिणीनं ये म्हटलं, मला घरातून निघायचंच होतं, आणि जानेवारीत स्पितुकचा गुस्तोर, म्हणजे हा छमचा उत्सव होता.

अण्णांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

आमचं घर औरंगाबादचं, आताचं छत्रपती संभाजीनगर, नागसेनवनाच्या बाजूचं. अण्णा शाळेत शिक्षक. बैठकीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्याखाली चौकटीत बसवलेल्या 22 प्रतिज्ञा. रविवारी पांढरे कपडे घालून विहारात जायचं, त्रिसरण पंचशील म्हणायचं. 14 ऑक्टोबर 1956 ला अण्णांचे वडील नागपूरला होते आणि दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी घरातले देव बाहेर काढले होते. ही गोष्ट अण्णांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की ते देव आणि ती टोपली मी स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. बुद्धाच्या धम्मात भुताखेतांना जागा नाही, हे त्यांचं ठाम सांगणं. लहानपणी मला परसातल्या अंधाराची भीती वाटायची, तर ते माझ्या हातात बॅटरी द्यायचे आणि एकेका कोपऱ्यात जाऊन बघून यायला लावायचे. “काय दिसलं?” “काही नाही.” “मग?” त्या “मग?”पुढे कुठल्याच भुताचं चालायचं नाही.

शेवटच्या आजारात एका रात्री त्यांनी माझं मनगट धरलं. खोलीच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, “कोण आहे तिथं?” मी उठून बघितलं. पडदा होता, औषधांचं कपाट होतं. “कुणी नाही, अण्णा,” मी म्हणाले. ते “मग?” म्हणाले नाहीत. पहाटेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. पुढे जलदान विधीला माणसं एकेक करून उठली आणि हा माणूस आयुष्यात कशाला भ्यायला नाही, असं बोलली. खरंच होतं ते. मी बाही मनगटाच्या खाली ओढून बसून राहिले. त्या रात्रीबद्दल मी आईलाही सांगितलं नाही.

तर ही अशी मी, लेहपासून सातआठ किलोमीटरवर, सिंधूच्या काठावरच्या एका टेकाडावर पोहोचले. स्पितुक गोंपा जुना, अकराव्या शतकापासूनचा, आज तिबेटी बौद्धांच्या गेलुग परंपरेचा. त्याच्या पायथ्याशीच लेहच्या विमानतळाची धावपट्टी आहे. विमानतळाला नाव आहे कुशोक बकुला रिंपोचे यांचं, आणि ते होते याच गोंपाचे प्रमुख. लडाखातून लोकसभेवर गेले, पुढे 1990 पासून दहा वर्षं मंगोलियात भारताचे राजदूत होते. मंगोलियातही हा नाच होता, तिथे त्याला त्साम म्हणतात. 1930 च्या दशकात तिथली राजवट मठांवर उठली, हजारो लामा मारले गेले, मठ पाडले गेले आणि नाच थांबला. समाजवादी राजवट गेल्यावर उरलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतून पुन्हा पाय उचलले गेले, आणि त्या सगळ्या दिवसांत बकुला उलानबातरला होते. छम्सपोनांचा हवेत धरलेला पाय मी त्यानंतर ज्या नजरेनं बघितला, ती वेगळी होती. तो पाय दोन पिढ्या कुणी धरला नाही, तर तो मोडतो.

गुस्तोर या शब्दातला ‘गु’ म्हणजे नऊ आणि ‘तोर’ म्हणजे तोर्मा, जवाच्या पिठाची आहुती. तिबेटी महिन्याच्या 29 व्या दिवशी जुन्या वर्षाचं जे काही वाईट साचलंय ते या आहुतीबरोबर गावाबाहेर टाकायचं, म्हणून गुस्तोर. नाच असतो दोन दिवस, पण त्याआधी कितीतरी दिवस आत मंदिरात पूजापाठ चाललेला असतो. ज्या देवतेचा मुखवटा चढवायचा तिचं ध्यान करून, मंत्र जपून, तिच्याशी एकरूप झाल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही, असा नियम. आपण ज्याला नाच म्हणतो ते त्यांच्या लेखी चालतं फिरतं ध्यान आहे.

पहिल्या दिवशी सकाळी मी वरच्या गोंखांगमध्ये, म्हणजे रक्षक देवतांच्या देवळात गेले. इथल्या उग्र मूर्तींचे चेहरे वर्षभर कापडानं झाकलेले असतात आणि गुस्तोरलाच उघडतात. रांग जिन्यावरून खाली आली होती. मी फोनवर मैत्रिणीशी मराठीत बोलत होते, ते ऐकून पुढचा जवान वळला. “ताई, तुम्ही पण देवीला?” सोलापूरकडचा होता. लष्करातली मंडळी या देवळाला कालीमातेचं देऊळ म्हणतात, सुट्टीवर जाण्याआधी येऊन जातात. गावाकडच्या आपल्या देवीबद्दल तो इतक्या मायेनं बोलत होता की ही ती नव्हे, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. लामा लोक या मूर्तीला जिगजेत म्हणतात. म्हणजे वज्रभैरव, यमाचाही अंत करणारा, रेड्याच्या तोंडाचा. आणि तो आहे कोण, तर मंजुश्री. प्रज्ञेचा बोधिसत्त्व, हातात ग्रंथ असलेला, शांत चेहऱ्याचा. मृत्यूशी बोलायचं म्हणून प्रज्ञेनं मृत्यूपेक्षा भयंकर तोंड घेतलं, असं हे रूप.

दिव्यांच्या उजेडात त्या जबड्याकडे बघत मी उभी राहिले. हात जोडले गेले नाहीत. जुनी सवय आहे, तशी सुटत नाही, आणि सुटावी असंही मला वाटलं नाही. पण पाठही फिरवता आली नाही.

दहाच्या सुमाराला अंगणात जागा धरायला आलो. गच्च्या, जिने, खिडक्या माणसांनी भरून गेल्या होत्या. मी जिच्या घरी उतरले होते ती अमाले शेजारी बसली होती, मांडीवर चार वर्षांचा नातू. अमा म्हणजे आई, आणि पुढचं ‘ले’ आदराचं, आपल्या ‘जी’सारखं. तिनं गोंच्याच्या, म्हणजे तिकडच्या लोकरी अंगरख्याच्या आतून सुकवलेली जर्दाळू काढून माझ्या हातात कोंबली. शुक्पाचा, तिकडच्या जुनिपर झुडपाचा, धूर अंगणभर पसरला. मग दुंगचेन वाजले. माणसाच्या दुप्पट लांबीची तांब्या-पितळेची ही कर्णी, तोंडं जमिनीवर टेकवून फुंकलेली. त्यांचा आवाज कानाला कमी आणि छातीच्या फासळ्यांना जास्त कळतो. नेमकं तेव्हाच खालून एक विमान उठलं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले, विमान गेलं, कर्णी चालू राहिली.

सगळा ताल मोठ्या झांजेच्या हातात असतो. ती वाजवणारा लामा म्हणजे उमझत, एरवी मंत्रपठण सांभाळणारा. तो झांज एकदम आदळत नाही. एक थाळी दुसरीवर टेकवून घुमवतो, आवाज गोल गोल फिरत विरतो आणि त्या विरण्याच्या बेतानं पाय खाली येतो. आपल्याकडच्या ढोलताशाची सवय असलेल्या अंगाला हे फार संथ वाटतं. पहिला अर्धा तास मी वाटच बघत होते की आता लय वाढेल. ती वाढत नाही. पाय उचलायचा, थांबायचं, अंग वळवायचं, मग उडी, तीही जड, आणि पुन्हा थांबायचं. आपणच हळूहळू तिच्या लयीत येतो.

काळ्या टोप्यावाल्यांच्या नाचाला शानाग म्हणतात. यांना मुखवटा नसतो. रुंद काठाची काळी टोपी, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या, पोटावर रागीट चेहरा भरलेला एप्रन. या बाह्यांची एक गोष्ट सांगतात. 842 मध्ये तिबेटचा राजा लांगदर्मा बौद्धांच्या मुळावर उठला होता, तेव्हा पेलगी दोर्जे नावाचा भिक्खू या बाह्यांत धनुष्यबाण लपवून गेला आणि त्यानं राजाला मारलं. पांढऱ्या घोड्याला कोळसा फासून काळा केला होता, तो नदीतून नेला तसा धुऊन पांढरा झाला. अंगरखा बाहेरून काळा, आतून पांढरा, तो उलटा केला. मारेकरी सापडला नाही. भिक्खूनं केलेली हत्या, आणि तिची आठवण ठेवणारा नाच! हे ऐकून मी अस्वस्थ झाले होते आणि अजूनही त्या गोष्टीपाशी माझं मन स्वस्थ होत नाही. पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीवहत्येपासून दूर राहीन, हे पंचशीलातले पहिले शब्द मी बोलायला शिकले त्या वयापासून म्हणतेय.

त्याहून जुनी कथा पद्मसंभवांची. आठव्या शतकात तिबेटात सम्ये हा पहिला मठ बांधत होते तेव्हा दिवसा रचलेली भिंत रात्री भुतं पाडून टाकायची. पद्मसंभवांनी त्या जमिनीवर नाच केला, भुतं वश झाली आणि त्यांनाच मठाचं राखणदार केलं. मला ही कथा आवडते. त्यांना हाकललं नाही, कामाला लावलं.

अंगावरच्या वस्त्रांकडेही बघत राहावं अशी ती असतात. लाल, निळ्या, सोनेरी जरीचा तो जड किनखाब, ज्याला ग्यासर म्हणतात, तो विणला जातो बनारसला. तिथल्या मुसलमान विणकरांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिबेटी मठांसाठी ड्रॅगन, ढग आणि कमळं विणली आहेत. गंगेकाठचा माग आणि सिंधूकाठचा पाय. नाचणारा वळला की अंगरख्याचा घेर आधी फुगतो आणि माणूस थांबल्यावरही क्षणभर फिरत राहतो.

दुपारी हशांग आला, गोल गुबगुबीत हसऱ्या मुखवट्याचा, सोबत लहान मुलांचे मुखवटे घातलेली पोरं. सगळं अंगण हसायला लागलं. हा हशांग म्हणजे सम्येच्या प्रसिद्ध वादात भारतातून गेलेल्या कमलशीलाकडून हरलेला चिनी भिक्षू, असं मानतात. वाद हरला, पण अंगणातली जागा गेली नाही. बाराशे वर्षं तो येतोय आणि पोरं त्याच्या मांडीवर चढतायत.

आणि मग सांगाडे आले. पांढऱ्या कवट्या, अंगाला घट्ट बसलेल्या कपड्यांवर लाल रेघांच्या फासळ्या. हे स्मशानाचे राखणदार. यांचा नाच मात्र हलका, चपळ, जवळजवळ आनंदी. त्यांच्यामागून रेड्याच्या तोंडाचा, निळा, दोन शिंगांचा आला. अमालेचा नातू तोपर्यंत जर्दाळू चोखत बसला होता, तो भोकाड पसरून तिच्या कुशीत शिरला. मला वाटलं ती त्याचे डोळे झाकेल. आपण तेच करतो. तिनं त्याला वळवून पुन्हा समोर तोंड करून बसवलं, दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले आणि काहीतरी पुटपुटली. मी विचारलं काय सांगितलंस. तिच्या लडाखी वळणाच्या हिंदीत ती म्हणाली, “म्हटलं, बघून ठेव. पुढे भेटेल तेव्हा ओळखशील.”

मेल्यानंतर पुढच्या जन्मापर्यंत 49 दिवसांची वाट असते आणि त्या वाटेवर असे चेहरे सामोरे येतात, अशी त्यांची श्रद्धा. जो घाबरून पळतो तो भरकटतो. जो ओळखतो, की हे माझ्याच मनातून उठलेलं आहे, तो सुटतो. म्हणून जिवंतपणी, उन्हात, शेजारणीच्या खांद्याला खांदा लावून, जर्दाळू खात हे चेहरे बघून घ्यायचे. मी ती वाट मानत नाही. अण्णांनी तर तिथेच बसून अमालेशी वाद घातला असता, आणि तिनं त्यांना गुरगुर चहा, तिकडचा लोणी-मिठाचा, पाजत तो ऐकून घेतला असता. पण त्या पोराच्या छातीवर ठेवलेले तिचे हात मी बघत होते. परसात अण्णांनी मला बॅटरी दिली होती. इथे बॅटरी नव्हती, हात होते.

दुसऱ्या दिवशी शेवटी अंगणाच्या मध्ये एक त्रिकोणी पात्र आणलं. त्यात पिठाची, लाल रंगवलेली, माणसाच्या आकाराची छोटी बाहुली, तिला दाओ म्हणतात. काळ्या टोपीवाला प्रमुख तिच्याभोवती फिरत राहिला, आधी फुरबा नावाची तीनधारी कट्यार रोखली, मग तलवार उचलली आणि बाहुलीचे तुकडे करून चारी दिशांना उडवले. बाहुली म्हणजे आपलं ‘मी, माझं’, लोभ, द्वेष, मोह. ते मी आधी वाचून गेले होते. वाचलं नव्हतं ते दुसरंच. त्या तरुण लामाला मी विचारलं की या कापण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, मारणं का? तो म्हणाला, नाही, द्रोल्वा. म्हणजे सोडवणं, पार नेणं. आणि मग अगदी सहज, “द्रोल्मामधलं द्रोल.”

द्रोल्मा म्हणजे तारा. तारणारी. मी मराठीत मनाशी म्हणून बघितलं, तरणं, तारणं, तारा. तिबेटी भाषांतरकारांनी हजारेक वर्षांपूर्वी संस्कृतातला हा धातू नेमका उचलून आपल्या भाषेत बसवला होता. तलवारीच्या घावालाही तोच, आणि कुशीत घेणाऱ्या तारेलाही तोच.

संध्याकाळी मोठा तोर्मा मिरवत गोंपाच्या बाहेर नेला आणि आगीत टाकला. शिट्ट्या, आरोळ्या, मग माणसं भराभर उतरणीला लागली, कारण सूर्य गेला की तिथे मिनिटागणिक थंडी वाढते. लडाखातल्या काही गोंपांनी आपले हिवाळ्यातले उत्सव पाहुण्यांच्या सोयीसाठी उन्हाळ्यात आणलेत. त्यांची गरज मला कळते, गोंपाचा खर्च असतो, मुलगे आता पूर्वीसारखे लामा व्हायला येत नाहीत. तरी वाटतं, वर्षाचा शेवट, गोठलेली नदी आणि कामं थांबलेला गाव, हे या नाचाचं अर्धं अंग आहे. स्पितुकनं ते जानेवारीत राखलंय, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

घरी आल्यावर एका सकाळी आईला घेऊन मी बुद्ध लेणीवर गेले. दरवर्षी विजयादशमीला आम्ही तिथे जातोच, पण तेव्हा गर्दीत काही बघणं होत नाही. सातव्या लेणीच्या ओसरीत अवलोकितेश्वराचा मोठा शिल्पपट आहे. मध्ये तो उभा आणि दोन्ही बाजूंना आठ भयं. आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, आणि मृत्यू. प्रत्येक भयात सापडलेली माणसं त्याच्याकडे वळून हात जोडतायत. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर ती नाचणारी, भोवती वाद्यं घेतलेल्या बायका. काही अभ्यासक तिला तारा म्हणतात. लहानपणापासून मी ती पाहिली आहे आणि शाळेच्या सहलीत तिच्यासारखी उभी राहून फोटोही काढलाय. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या पायांकडे बघितलं. सहाव्या शतकातला तो पाय, टाच जराशी वळलेली.

आई ओसरीत, शिल्पपटासमोरच्या दगडावर बसली होती. तिला चढ सोसत नाही आता. मी तिच्याजवळ बसले आणि तिला ती रात्र सांगितली. मनगट, पडदा, कपाट, सगळं. ती ऐकत होती, नजर समोरच्या बुडत्या जहाजावर.

“मलाही विचारलं होतं त्यांनी,” ती म्हणाली. “आदल्याच रात्री. कोण आहे म्हणून.”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, असेल कुणी. मी बसलेय ना इथं.”